ड्रायव्हरच्या मागची भिंत

अर्तिमोनच्या दाढीत मधमाशी शिरली तेव्हा चालवून बघायला काढलेली बस चर्चच्या वळणावर होती. त्याने ब्रेक इतक्या जोरात दाबला की मागे चुलीवरचं पातेलं खाली पडून घरंगळत पुढे आलं आणि सफ्ताच्या पायाशी थांबलं.

"काढा! काढा तिला बाहेर!" अर्तिमोन स्टिअरिंग सोडून मान वर करून ओरडत होता.

"हलू नका भाऊ. हात माराल तर चावेल." सफ्ता ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, एका रिकाम्या मधपेटीवर उशी टाकून बसली होती. ती उठली, त्याच्या दाढीत दोन बोटं घातली आणि गुणगुणणारी माशी अलगद बाहेर काढून खिडकीतून सोडून दिली. "ही बघा. घाबरली होती बिचारी."

"ती घाबरली होती?"

मागे खाटेवर बसलेला तिचा जावई दानुत्स हसून हसून आडवा झाला होता. अर्तिमोनने मात्र इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि सफ्ताच्या ओंजळीत ठेवली.

"ताई, एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर. दाढीसाठी तिसरा हात कुठनं आणू?"

अर्तिमोन लिपोव्हान होता, जुन्या रशियन पंथाचा; त्यांच्या दाढीला कात्री लागत नाही. त्यांचा धर्मच तसा आहे. गावाच्या नदीकडच्या अंगाला त्यांची निळ्या खिडक्यांची घरं होती आणि अर्तिमोनची दाढी त्यांच्यातही नावाजलेली. आयुष्यभर त्याने तुल्चा शहरात बस चालवली आणि निवृत्त होऊन गावी परतला. एवढी मोठी गाडी चालवायचा परवाना असलेली बाकीची सगळी माणसं केव्हाच इटलीला कामाला गेली होती. उरला हा. आणि माश्या जिथे न्यायच्या त्या पांढऱ्या बाभळी आता कोणत्याही दिवशी फुलणार होत्या.

"भिंत घाला," अर्तिमोन म्हणाला. "माझ्या पाठीमागं, वरपासून खालपर्यंत. हा असला पडदा नको. शहरात माझ्या मागं काच होती, आणि काचेवर पाटी होती, ड्रायव्हरशी बोलू नये."

"घालतो की काका," दानुत्स डोळे पुसत म्हणाला. तो लोकांच्या घरी स्वयंपाकघरातली कपाटं करायचा. त्याला भिंत म्हणजे एका दिवसाचं काम. "सनमायक्याची घालतो. पांढरीशुभ्र."

"आणि मी?" सफ्ताने विचारलं.

"तू मागं, आई. खाट आहे, टेबल आहे, चूल आहे. राणीसारखी बस."

"मी इथंच बसते. माझी पेटी भिंतीच्या पुढं राहू दे."

"ताई, तुमच्या रुमालावर आत्ता तीन माश्या आहेत," अर्तिमोन म्हणाला.

दानुत्सने बघितलं. होत्या.

"आणि आई, खरं सांगू का, रागावू नकोस," दानुत्स म्हणाला, "बाबांची गोष्ट वेगळी होती. त्यांची सहनशक्तीच दांडगी. काकांना तुझी ती..." त्याने बोटं जुळवून चोचीसारखी उघडमीट करून दाखवली. "काकांना झेपायची नाही."

सफ्ताने पायाशी आलेलं पातेलं उचललं आणि ॲप्रनने पुसलं.

ही बस एके काळी शहरातच धावायची. सफ्ता लग्नाआधी मासळीच्या कारखान्यात कामाला जायची ती याच बसने, दांडीला लोंबकळत. पुढे नगरपालिकेने जुन्या बसगाड्या मोडीत काढल्या तेव्हा तिच्या नवऱ्याने, हारालांबीने, ही एक आणली आणि मागच्या अर्ध्या भागातल्या सगळ्या सीटा उपटून तिथे दोन्ही बाजूंना मधपेट्यांचे थर रचले. बसच्या पत्र्याला भोकं पाडली, एकेका पेटीचं दार एकेका भोकाशी आणून जोडलं, आणि माश्यांना आपापलं घर ओळखू यावं म्हणून प्रत्येक भोकाभोवती वेगळा रंग दिला. पिवळा, निळा, पांढरा, परत पिवळा. लांबून बस अशी दिसायची की जणू कुणी गोधडी वाळत घातली आहे. मधल्या भागात त्यांचं घर. पुढे ड्रायव्हर.

घर आणि पेट्या यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती, दार होतं. तरी दहा-वीस माश्या कुठून तरी घरात यायच्याच, आणि घरात आलेली माशी उजेडाकडे, म्हणजे पुढच्या काचेकडे धावायची. घर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये होता तो फक्त पडदा. सफ्ताच्या लग्नातली पट्ट्यापट्ट्यांची लोकरी चादर, प्रवाशांनी धरायच्या दांडीला कड्यांनी अडकवलेली. तीही माश्यांसाठी नव्हे, दिव्यासाठी. माश्यांना हलवायचं ते अंधारातच, आणि मागे दिवा असला की तो पुढच्या काचेत उमटतो. रस्त्यावर आपलंच स्वयंपाकघर तरंगताना दिसतं. म्हणून पडदा ओढायचा. पडद्याच्या मागे घर, आणि पडद्याच्या पुढे अंधारात ती दोघं.

हारालांबीचा उजवा डोळा गेला तो एका उन्हाळ्यात, लिंडनच्या फुललेल्या झाडांच्या रानात. पाणी प्यायला म्हणून त्याने तोंडावरची जाळी वर केली आणि माशीने नेमका बुबुळाला डंख मारला. दुसरा कोणीही माणूस असता तर धावत डॉक्टरकडे गेला असता. हारालांबीने डोळ्यात मध घातला. त्याचा बाप कापल्यावर मध लावायचा, भाजल्यावर लावायचा, खोकल्यावर चाटवायचा. मधाने बरं होत नाही असं काही जगात असतं हे त्या घराला ठाऊकच नव्हतं. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. लिंडनचा बहर संपला, सूर्यफुलांचा संपला, तेव्हा कुठे ती दोघं शहरात डॉक्टरकडे गेली. डॉक्टर चिडले. आता काचेवर वाफ धरल्यासारखंच दिसणार, तेही थोडे दिवस, म्हणाले. गाडी चालवायची नाही, म्हणाले. हारालांबीने मान डोलावली.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्याने विचारलं, "तुला नीट दिसतं ना?"

"दिसतं."

"मग झालं."

यापेक्षा जास्त त्या विषयावर ती दोघं कधी बोलली नाहीत.

त्यानंतर सफ्ता कटकटी झाली.

बसमध्ये कधी नातवंडं असायची, कधी शेजारचा कुणी मधवाला शहरापर्यंत यायचा. त्यांच्यासमोर "उजवीकडे खड्डा आहे" असं कसं म्हणणार? ज्याला दिसतं त्याला खड्डा सांगावा लागत नाही. म्हणून सफ्ता म्हणायची, "अरे, जरा डावीकडनं घे की, हाडं खिळखिळी झाली माझी!" उजव्या फाट्यावरून ट्रक येताना दिसला की म्हणायची, "थांब, थांब जरा, मला शाल काढू दे." फांदी खाली आली की, "बाई गं, काय ही घाई, कुणाचं लग्न आहे का?" तो बिचारा निमूट डावीकडे घ्यायचा, निमूट थांबायचा, निमूट हळू व्हायचा. लोक कौतुकाने बघायचे. काय माणूस आहे! एवढी टोचणी, पण एक उलट शब्द नाही. बाभळीच्या रानात मधवाले तळ टाकायचे; तिथे संध्याकाळी म्हातारा मधवाला मिहालाके सफ्ताची नक्कल करायचा, डोक्याला रुमाल बांधून, कमरेवर हात ठेवून, आणि हारालांबी सगळ्यांच्या बरोबर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. टेबलाखाली त्याचा पाय तिच्या पायावर असायचा.

गेल्या वर्षी द्राक्षं उतरल्यावर तो गेला. झोपेतच गेला. पुरताना पाद्री म्हणाले, हारालांबीने एवढी वर्षं एवढी मोठी गाडी चालवली, पण एक ओरखडा नाही, आणि तेसुद्धा कसल्या परिस्थितीत ते आपण सगळे जाणतोच. असं म्हणून त्यांनी सफ्ताकडे पाहिलं. लोक रडता रडता हसले. सफ्तालाही हसू आलं. तिला ते आवडलं होतं, खरं तर. त्या दिवशी तरी.

अर्तिमोनने किल्ली परत केली त्या संध्याकाळी सफ्ता लेकीकडे गेली. व्हियोरिका बापाचे सदरे इस्त्री करत होती. सहा महिन्यांच्या स्मरणाच्या दिवशी ते गरिबांना द्यायचे होते. पांढरा सदरा उताणा टेबलावर पडला होता, दोन्ही बाह्या पसरून.

"दानुत्सनं सांगितलं मला," व्हियोरिका म्हणाली. "आई, तू कशाला हट्ट करतेस गं?"

"पुढं बसल्याशिवाय मला करमायचं नाही."

"करमायला काय गप्पांचा अड्डा आहे का तो? एक माणूस मिळालाय मुश्किलीनं. तो म्हणतोय भिंत घाला, तर घालू दे ना. नाही तर विकून टाक सगळं. मिहालाकेकाका पेट्या घ्यायला तयार आहेत. बस भंगारात जाईल आणि तू इथं माझ्याकडं राहा."

"मी अजून मेले नाहीये."

"असं बोलू नकोस." व्हियोरिकाने इस्त्री उभी केली. "बरं, मला एक सांग. पुढं बसून तू करायचीस तरी काय? एक कारण सांग मला. पटण्यासारखं. मी स्वतः दानुत्सशी बोलते, त्या दाढीवाल्याशी पण बोलते."

कारण सफ्ताच्या जिभेवर होतं. चार शब्दांचं होतं. ते एकदा बाहेर पडलं असतं तर कटकटी म्हातारीची त्या क्षणी दुसरीच कुणी झाली असती. या लेकीसमोर, जावयासमोर, साऱ्या तळावर. अर्तिमोनलाही सांगता आलं असतं की हा रस्ता मी पाहिलाय, भाऊ, उजवीकडचा प्रत्येक दगड माझा आहे, मला पुढे बसू द्या.

पण व्हियोरिकाची दोन्ही पोरं दर उन्हाळ्यात त्याच बसने आजोबांबरोबर जायची. धाकटी तर सफ्ताच्या मांडीवर झोपलेली असायची. आणि व्हियोरिका या घडीला बापाच्या सदऱ्याच्या कॉलरवरून हात फिरवत होती, आत कुणी असल्यासारखा.

"काही नाही," सफ्ता म्हणाली. "सवय. दुसरं काय."

"मग?"

"बांध म्हणावं त्याला भिंत."

शनिवारी दानुत्स फळ्या घेऊन आला. कुणाच्या तरी नव्या स्वयंपाकघरातून उरलेला पांढरा सनमायका होता. त्याने कड्यांतून चादर काढली, घडी करून सासूच्या हातात दिली. मोजमाप घेतलं, कापलं, घासलं. कामाला तो चोख. दुपारपर्यंत छतापासून जमिनीपर्यंत चौकट उभी राहिली. पुढचं दार ड्रायव्हरचं, मधलं दार सफ्ताचं. पेटी उचलून त्याने मागे खाटेशेजारी ठेवली. "कांदे ठेवायला होईल," म्हणाला.

"एवढीशी खिडकी ठेवू का, काका?" त्याने अर्तिमोनला विचारलं. अर्तिमोन चाकांची हवा बघायला आला होता. "आईला जरा पुढचं दिसेल."

"मागचा दिवा काचेत येतो. नको."

"मग घंटी जोडतो. जुनी घंटी आहेच की बसला, प्रवाशांची. आई, काही लागलं तर दाब. पण सारखी सारखी नको हं!"

"तू नको काळजी करूस," सफ्ता म्हणाली.

अर्तिमोन ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. सीट मागेपुढे केली. डावीकडचा आरसा बघितला. मग उजवीकडचा. मग मान तिरकी केली, खाली वाकला, परत ताठ बसला.

"हा आरसा कुणी बसवलाय?"

"बाबांनीच," दानुत्स भिंतीमागून म्हणाला. "का?"

"यात मला माझी बस दिसत नाही. नुसतं दार दिसतंय."

सफ्ता पायरीवर उभी होती. तिच्या हातात घडी केलेली चादर होती. "मी पुसला मघाशी," ती पटकन म्हणाली. "फिरला असेल."

अर्तिमोन खाली उतरला, बाहेरून आरशापाशी गेला. पाना लावला. नट जागचा हलेना. त्याने नखाने खरवडून पाहिलं. नटावर रंगाचे थरावर थर चढले होते, निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली परत निळा. दर वसंतात हारालांबी बसला रंगाचा हात द्यायचा.

"दानुत्स, घरनं तेल आण जरा. गंजलाय."

दानुत्स गेला. अर्तिमोन परत बसमध्ये चढला. या वेळी तो सीटवर बसला नाही. जिथे पेटी असायची तिथे, जमिनीवर पेटीच्या चार कोपऱ्यांच्या खुणा होत्या, तिथे तो गुडघे मोडून पेटीच्या उंचीला खाली झाला आणि त्याने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आरशात बसची अख्खी उजवी बाजू होती, शेवटच्या चाकापर्यंत.

उठताना त्याचे गुडघे वाजले.

"कुठला डोळा?" त्याने विचारलं.

सफ्ताने आधी दानुत्स गेला त्या वाटेकडे पाहिलं. "उजवा."

"पूर्ण?"

"शेवटी शेवटी पूर्ण."

"आणि पोरं बसायची यात?"

"बसायची."

"देवाची तरी भीती?" अर्तिमोनचा आवाज चढला नाही, पण दाढी थरथरत होती. "मी असा माणूस रस्त्यावर पकडला असता ना ताई, तर स्वतः नेऊन पोलिसात बसवला असता. आणि तुम्हाला त्याच्या शेजारी."

"शेजारीच होते की मी," सफ्ता म्हणाली.

अर्तिमोनने रुमाल काढून मान पुसली. बाहेर दानुत्सची पावलं वाजली.

"हे घ्या तेल. काय झालं होतं, काका?"

सफ्ताने चादर छातीशी घट्ट धरली होती. अर्तिमोनने तेलाची बाटली घेतली, बूच उघडलं, वास घेतला.

"काही नाही," तो म्हणाला. "धुताना फिरला असेल. नट गंजका आहे, परत आवळला गेला नाही."

"बाबा असं सोडायचे नाहीत."

"माणूस म्हातारा होतो बाबा. तूही होशील." तो आरशाकडे निघाला. सफ्ताच्या बाजूने जाताना हळूच म्हणाला, "पण भिंत राहील."

"राहू दे," सफ्ता म्हणाली.

नट तेलाने सैल झाला. अर्तिमोनने आरसा आपल्याकडे वळवला.

गुरुवारी मिहालाकेचा फोन आला, बाभळी फुलल्या. संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर सफ्ता आणि दानुत्सने एकेका भोकाला जाळी ठोकली. पहाटे, अजून अंधार होता, अर्तिमोन आला. दाढी त्याने वेणी घालून सदऱ्यात खोचली होती. भिंत असूनसुद्धा. त्याचा शुक्रवारचा उपास होता म्हणून सफ्ताने त्याच्यासाठी दुधाशिवायची बटाट्याची भाजी आणि पाव बांधून ठेवला होता. तो त्याने न बोलता घेतला आणि पुढच्या दाराने चढला. सफ्ता मधल्या दाराने चढली.

दार लागलं. बस निघाली.

तिने दिवा लावला नाही. खाटेवर बसली, एक हात टेबलावर, एक भिंतीवर. पांढरी भिंत अंधारातही जरा पांढरीच दिसत होती. तिच्या पलीकडून गिअर बदलल्याचा आवाज आला, आणि आरामात खाकरल्याचा. मागून फळ्यांपलीकडून पेट्यांचा गुंजारव, हलवल्यावर माश्या करतात तसा, नाराज, एकसुरी.

रस्ता तिला पाठ होता. चर्चसमोरचे दगड बुडाखाली खडखडले. मग पुलाचे दोन धक्के. मग डावीकडे मोठं वळण, गव्हाच्या गोदामाचं. तिथून पुढे उजव्या हाताला अक्रोडाची फांदी. तिची जीभ आपोआप टाळ्याला लागली. *बाई गं, काय ही घाई.* पण भिंतीला कसं सांगायचं? हात घंटीच्या बटणावर गेला. आणि घंटी वाजवून काय कळणार होतं त्याला? म्हातारीला तहान लागली, एवढंच. तिने बटणावरून बोट उचललं. फांदी वाजलीच नाही. अर्तिमोनने बस तिच्यापासून हातभर दूर ठेवून नेली होती. त्याला दोन्ही डोळे होते.

मग बस उजवीकडे वळली. इथे वळण नव्हतं.

सफ्ता ताठ झाली. बस एका सपाट, गुळगुळीत रस्त्याला लागली आणि वेग वाढला. नवा मोठा रस्ता. हारालांबी त्या रस्त्याने कधी जात नसे, कारण तिथे ट्रक उजवीकडून भसकन येऊन मिळायचे आणि सफ्ताला शाल काढायला वेळ पुरत नसे. ती खिडकीपाशी गेली. बाजूच्या खिडकीत रस्ता येत नाही, नुसता जातो. काळं काहीतरी मागे सरकत होतं. एक दिवा गेला. आणखी एक. कुठल्या गावाचे ते तिला कळलं नाही. थोडा वेळ तिने वळणं मनात धरून ठेवायचा प्रयत्न केला. मग ती मिसळून गेली, आणि ती नुसती बसली. बसमध्ये बसलेल्या बाईसारखी, जिला कुणीतरी कुठेतरी नेत आहे. कारखान्याला जाताना असायची तशी.

उजाडत होतं तेव्हा बस खडबडीत वाटेला लागली, डुलली, मागेपुढे झाली. उजव्या पत्र्यावर काहीतरी लांबलचक खरडत गेलं. मग इंजिन थांबलं.

सफ्ताने दार उघडलं. समोर झाडं होती. पांढरी फुलं लगडलेली, गोड वासाची, सगळीकडे सारखीच. नेहमी ती पुढच्या काचेतून या जागेत शिरायची. आधी विहीर दिसायची, मग मिहालाकेची गाडी, मग मोकळी जागा. आज ती एकदम मध्येच उतरली होती, तोंड भलतीकडे करून.

"कुठं आलो आपण?" तिने विचारलं.

अर्तिमोन पुढून उतरून येत होता. तो थबकला.

"बाभळीत, ताई," तो म्हणाला. "तुमच्याच जागेवर. विहीर तिकडं, बसच्या मागं."

"हां. हां."

विहिरीकडून मिहालाके येत होता, पॅन्टचे खांद्यावरचे पट्टे खाली लोंबत, हातात कॉफीचा कप. "आलीस? मला वाटलं आवाज कसा काय नाही आला! दर साली आधी सफ्ताचा आवाज येतो, मग बस येते." त्याने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग बसमध्ये डोकावला. "अरेच्चा! भिंत? शाबास रे ड्रायव्हर! ही अक्कल हारालांबीला आयुष्यात नाही आली."

मिहालाके बसला वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि त्याने शीळ घातली. रंगीत भोकांच्या रांगेवरून एक पांढरा ओरखडा मागपर्यंत गेला होता. खाली फुलांचे घोस पडले होते.

"हे बघ. हे बघ काय केलंस!" तो अर्तिमोनला म्हणाला. "याच वाटेनं हारालांबी यायचा. एक पान नाही पाडलं त्यानं कधी. आणि तेही ही बाई कानाशी असताना! काय नजर होती त्याची. काय गं सफ्ता?"

अर्तिमोनने ओरखड्याकडे पाहिलं, मग सफ्ताकडे. त्याची दाढी सदऱ्यातून सुटून बाहेर आली होती. तो वाट बघत होता. तिला बोलायचं असतं तर त्याने अडवलं नसतं.

"नजर होतीच," सफ्ता म्हणाली. "ससाण्यासारखी. अंधारात सुई दिसायची त्याला."

"देवमाणूस," मिहालाके म्हणाला.

"होता."

"होता खरा," अर्तिमोन म्हणाला. "नुसती बस हातात घेतली तरी कळतं." आणि तो रंगाचा डबा कुठे आहे ते विचारू लागला.

"राहू द्या, मग बघू," सफ्ता म्हणाली. "आधी यांना सोडायला हवं. ऊन चढतंय."

तिने पक्कड घेतली आणि बसच्या उजव्या बाजूने, पुढून मागे, एकेका भोकाची जाळी उपटत निघाली. पिवळं, निळं, पांढरं. आतून पहिल्यांदा गरम, मधाळ वारा बाहेर यायचा, मग एक माशी, मग दहा, मग ओतल्यासारख्या. शेवटची जाळी काढून ती चार पावलं मागे सरली.

माश्या फुलांकडे गेल्या नाहीत. नव्या जागी आणल्यावर त्या कधीच लगेच जात नाहीत; आधी घर कुठे आहे ते बघून ठेवतात. त्या बाहेर पडल्या आणि तिथेच हवेत वळल्या, घराकडे तोंड करून. डावीकडे झुलल्या, उजवीकडे झुलल्या, जरा मागे सरल्या, परत झुलल्या. शेकडो, मग हजारो, त्या रंगीत पत्र्यासमोर आणि त्या पांढऱ्या ओरखड्यासमोर. सफ्ता त्यांच्या मधोमध पक्कड घेऊन उभी होती, तीही बसकडेच बघत. मिहालाकेने कॉफीसाठी हाक मारली. ती म्हणाली, आले, आणि उभीच राहिली.